साठ आणि आठ

कस्तुरी हावळचा गती-अंक एकतीस आला. वर्गशिक्षिका वनिता मगदूमने यादी दोनदा वाचली, मग आडनावावर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली. ओळ चुकली नव्हती. सातवी ‘ब’च्या अडतीस मुलांपैकी चौदा जण चाळीसच्या खाली होते आणि त्या चौदांतही सगळ्यात खाली कस्तुरी होती. पाचवीत आणि सहावीत ही मुलगी पहिल्या तिघांतून कधी हलली नव्हती.

चाळीसच्या खाली जाणं म्हणजे काय, हे माळवेस गावात आता लहान पोरालाही ठाऊक होतं. आठवीपासून ‘पायाभूत गट’. वेगळा वर्ग, पातळ पुस्तकं, बीजगणिताला रजा. दोन वर्षांनी तिथून वर यायची सोय कागदावर होती. पण ज्या तालुक्यांत ही योजना आधी सुरू झाली, तिथून वर आलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजता येत होती.

आणि हे अंक देणारा ‘सोबती’ शाळेत आणण्यासाठी अर्ज केला होता तो वनितानेच. जूनमध्ये फळ्याच्या वर एक पांढरी पेटी बसली. तिच्यात कॅमेरा, माईक आणि स्पीकर, आणि प्रत्येक मुलाच्या हातात पाटीएवढा टॅब. सोबती बोलायचा तेही इथल्याच बोलीत. पहिल्या दिवशी तो “चला, वह्या काढा की रं” म्हणाला, तेव्हा अख्खा वर्ग हसून लोळला होता. तो तोंडी प्रश्न विचारी, मुलं टॅबवर उत्तर लिहीत. कुणी किती सेकंदांत लिहिलं, किती वेळा खोडलं, प्रश्न चालू असताना कुणाची नजर कुठे होती, हे सगळं तो टिपून ठेवी. आधीच्या लाखो मुलांच्या अशाच नोंदींवरून तो शिकला होता, की अमुक रीतीने उत्तरं देणारं मूल पुढे कुठवर जातं. गती-अंक हा त्या शिकण्याचा अर्क होता. हे मूल नवी गोष्ट किती वेगाने उचलेल, याचा शंभरपैकी अंदाज.

वनिताला त्याचा फायदाच झाला होता. एका वेळी अडतीस वह्यांत डोकावणं तिला जमत नव्हतं, त्याला जमत होतं. तिच्या नजरेतून वर्षभर सुटलेली एका मुलाची हातच्याची चूक त्याने आठवड्यात पकडून दाखवली होती. त्यामुळे यादी हातात घेऊन ती चिडली नाही. ती कोड्यात पडली.

“यंत्राचं कुणाशी वाकडं नसतं, मगदूम बाई,” मुख्याध्यापक सासणे सर म्हणाले. “माणूस आडनाव बघतो, बापाचा धंदा बघतो. हे बघत नाही. म्हणून तर आपण ते आणलं.”

“सर, यंत्र खोटं बोलतंय असं मी म्हणतच नाही. त्यानं जे मोजलं ते बरोबरच मोजलं असणार. पण त्यानं मोजलं काय?”

सासणे सरांनी चष्मा काढला. “हरकत घ्यायला एकवीस दिवस आहेत. गटशिक्षणाधिकारी येणार, पुण्याहून सोबतीचे इंजिनियर येणार. ‘पोरगी हुशार आहे हो’ म्हणून तिथं भागायचं नाही. आकडे लागतील.”

“आकडेच देते, सर.”

ती बाहेर आली तेव्हा कस्तुरी व्हरांड्यात दप्तर छातीशी धरून उभी होती. लहान चणीची, दोन घट्ट वेण्या घातलेली, सहसा न बोलणारी मुलगी. आज बोलली.

“बाई, पप्पा म्हणले, पायाभूतला गेलीस तर शाळा कशाला. आईसंगं मागाच्या कांड्या भर.”

“तू काय म्हणालीस?”

“काय न्हाई.” कस्तुरी म्हणाली. “बाई, मला येतंय की सगळं. मग कमी कसं पडलं?”

“मलाही तेच शोधायचंय,” वनिता म्हणाली. “आणि मला एकटीला जमायचं नाही. तुम्ही सगळ्यांनी हात लावायला पाहिजे.”

*

सातवीला त्या वर्षापासून विदाशास्त्र हा विषय लागला होता. विदा म्हणजे नोंदींचा साठा. तो कसा गोळा करायचा, कसा चाळायचा आणि त्यातून काय काढायचं, हे शिकवणारा आठवड्याला दोन तासांचा विषय. पुस्तकात पावसाचे आणि क्रिकेटच्या धावांचे आकडे होते. वनिताने पुस्तक मिटलं आणि वर्गापुढे त्यांच्याच वर्षभराच्या नोंदी ठेवल्या. नावं काढून फक्त क्रमांक ठेवले होते, कोणता क्रमांक कुणाचा ते तिच्याकडच्या बंद पाकिटात होतं.

“क्रमांकांची दोन गावं झालीत,” ती म्हणाली. “चौदा खाली, चोवीस वर. या चौदांत असं काय सारखं आहे, जे चोवीसांत नाही? अंदाज सांगा. पण एक अट. अंदाज आकड्यांनी पाडता आला पाहिजे. जो पाडताच येत नाही तो आपल्या कामाचा नाही.”

तासाला आणि शाळा सुटल्यावरही हे रोज चाललं; पहिले चार दिवस अंदाज पडतच गेले. मुलगे-मुली असा फरक निघाला नाही. शिकवणीला जाणारे दोन्हीकडे होते. सकाळी न खाता येणारे दोन्हीकडे होते. मागच्या बाकावर बसण्याने थोडा फरक पडत होता, पण पुढच्या बाकावरचेही पाच जण खाली होतेच.

पाचव्या दिवशी जुनेद मोमीनने हात वर केला. जुनेद म्हणजे वर्गाचा नकलाकार. त्याचा गती-अंक त्रेचाळीस, काठावर वाचलेला.

“बाई, बोलके प्रश्न आणि लिहून आलेले प्रश्न येगळे काढू या का?”

“का बरं?”

तो कान खाजवत म्हणाला, “न्हाई, म्हंजे बोलका प्रश्न आला की मी शेजारी बघतो. लिहून आला की बघावं लागत न्हाई.”

वर्ग हसला. वनिता हसली नाही. तिने प्रश्न दोन ढिगांत वेगळे करायला लावले. टॅबवर लिहून येणारे प्रश्न थोडे होते, शंभरात बारा-तेरा. मुलांनी दोन आलेख काढले आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावले. लेखी प्रश्नांत दोन गावं उरलीच नाहीत. बरीचशी चौदांतली मुलं चोवीसांच्या बरोबरीने होती, काही तर वर होती. तोंडी प्रश्नांत मात्र मध्ये दरी पडली होती.

“आता चुका बघू,” वनिता म्हणाली. “बरोबर उत्तरांपेक्षा चुका जास्त बोलतात.”

चुका लिहून काढण्याचं काम कस्तुरीने मागून घेतलं. तिने आलेखाच्या कागदावर बारीक अक्षरांत दोन रकाने केले. डावीकडे सोबतीने विचारलेली संख्या, उजवीकडे मुलाने लिहिलेली. साठ आणि त्याच्यासमोर आठ. पुन्हा साठ, पुन्हा आठ. सहा आणि त्याच्यासमोर दहा. ‘साठातून वीस वजा करा’ या प्रश्नाला सात मुलांनी ‘होत नाही’ असं लिहिलं होतं. सोबतीने त्याची नोंद ‘वजाबाकीची संकल्पना कच्ची’ अशी केली होती.

“आठातून वीस कसे जातील?” कस्तुरी म्हणाली. “त्यांचं बरोबरच हाय की.”

मग तिनेच पुढे सांगितलं, “बाई, ‘स’ उडतोय. ‘श’ पण. ‘ख’ आणि ‘फ’ कधी कधी.”

“माझा शिकवताना नाही उडत?”

“तुमचं तोंड दिसतं,” कस्तुरी सरळ म्हणाली. “सोबतीला तोंड न्हाई.”

वनिता टेबलाला टेकली. ती या गावची लेक होती. तिच्या वडिलांची यंत्रमागांची शेड घराला लागून होती, मध्ये एकच भिंत. चोवीस माग चालू असले की धोट्यांच्या आवाजात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. मागावरची माणसं ओठांवरनं बोलतात. ‘चहा’, ‘धागा तुटला’, ‘मालक आला’ हे सगळं आवाजाशिवाय. लहानपणी तिला ती एक गंमतच वाटायची. पण ही मुलं मागावर काम करत नव्हती. ती नुसती तिथे राहत होती.

“उद्या गावाचा नकाशा आणते,” ती म्हणाली.

*

नकाशावर मुलांनी टिकल्या चिकटवल्या, नावं न घालता, चौदांसाठी लाल आणि चोवीसांसाठी निळ्या. अकरा लाल टिकल्या शेडच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांवर पडल्या. त्यातल्या सात एकाच ओळीत होत्या. ती ओळ कुणाची, हे वनिताला कुणी सांगायची गरज नव्हती. बिरनाळे टेक्स्टाइल. तिच्या वडिलांनंतर तिच्या दादाने, बाहुबलीने, एका शेडच्या चार केल्या होत्या आणि कामगार हाताशी असावेत म्हणून मागे खोल्या बांधल्या होत्या. कस्तुरीचे वडील प्रभाकर हावळ तिथेच मागावर होते, तिसऱ्या खोलीत राहत होते.

आलेखावरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. वनिताने पालकांच्या सह्या घेतल्या आणि दोन रविवारी सगळ्या वर्गाला सांगलीला नेलं. तिथे निकम मॅडम म्हणून कानांच्या तपासणीतल्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी एकेका मुलाला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. मधल्या वेळात त्यांनी शंखासारखं एक प्लास्टिकचं खेळणं काढून मुलांना दाखवलं.

“कानाच्या आत असा शंख असतो. त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाज आला की त्या डुलतात आणि मेंदूला कळवतात. शंखाच्या तोंडापाशी आहेत त्या बारीक, तीक्ष्ण आवाज पकडतात. आत खोलवर आहेत त्या जाड आवाज पकडतात. वर्षानुवर्षं मोठा आवाज आदळत राहिला की तोंडाजवळच्या पेशी आधी मोडतात. आणि मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत.”

“मग काहीच ऐकू येत न्हाई?” जुनेदने विचारलं.

“तिथंच तर फसायला होतं. आ, ई, ऊ हे स्वर जाड आवाजाचे. ते नीट ऐकू येतात. हाक मारली की मूल वळून बघतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. स, श, ख, फ हे मात्र नुसते हवेचे सरसराट. सेकंदाला चार-पाच हजार कंपनं. नेमके तेच गळतात. शब्दाचं हाड राहतं, टोक जातं.”

अडतीसपैकी पंधरा मुलांच्या आलेखात त्याच जागी खड्डा निघाला. चौदांतले अकरा, आणि काठावर वाचलेले चार. त्या चारांत जुनेद होता. चौदांतल्या तीन मुलांचे कान ठणठणीत निघाले. त्यांना गणित खरंच जड जात होतं. वनिताने वहीत तेही लिहिलं.

शेवटचं मूल बाहेर आलं तेव्हा निकम मॅडम म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही पण बसता का? मघापासून बघतेय. मी पाठ करून बोलले की तुम्ही उत्तर देत नाही.”

वनिता हसत आत गेली. हेडफोन लावला, बोट बटणावर ठेवलं. बराच वेळ काहीच आलं नाही. तिला वाटलं, यंत्र अजून सुरू केलेलं नाही. काचेपलीकडे निकम मॅडम मात्र हात हलवत होत्या आणि काहीतरी नोंदवत होत्या.

तिचा खड्डा मुलांच्यापेक्षा खोल होता.

परतीच्या बसमध्ये तिने तो कागद पुन्हा पुन्हा पाहिला. फ्रिजचं दार उघडं राहिलं की वाजणारी ती बारीक घंटी, जिच्यावरून तिची मुलगी घरी कायम ओरडायची, “आई, एवढं वाजतंय आणि तुला कसं ऐकू येत नाही?” सोबतीने तिच्याबद्दल दर महिन्याला पाठवलेला शेरा, ‘मागच्या बाकांवरील प्रश्नांना शिक्षिकेचा प्रतिसाद कमी’. तो वाचून तिला दर वेळी राग आला होता. तिला वाटायचं, पेटीला काय कळतंय वर्ग सांभाळणं. पेटीने बरोबरच मोजलं होतं. त्यामागचं कारण तेवढं पेटीला माहीत नव्हतं.

पुढच्या बाकावर कस्तुरी मागे वळून बसली होती, वनिताचे ओठ दिसतील अशी.

“बाई, तुमचं पण?”

“माझं पण.”

“तरी तुम्ही बाई झालासा,” कस्तुरी म्हणाली आणि पुन्हा पुढे तोंड करून बसली.

*

बाहुबलीने नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“म्हंजे मी पोरं बहिरी केली म्हणतीस.”

“दादा, मी तसं म्हणत नाही. आपण दोघंही त्याच भिंतीशेजारी वाढलो. अप्पांना माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं.” तिने स्वतःचा आलेख त्याच्यापुढे ठेवला. “हा माझा. तुझा काढला तर याहून वाईट निघेल.”

“मला चांगलं ऐकू येतंय.” तो हे ओरडूनच म्हणाला. तो कायम ओरडूनच बोलायचा.

“खोल्या तेवढ्या हलव. पलीकडच्या अंगाला सुताचं गोदाम आहे, ते इकडे आण आणि माणसं तिकडे ने. भिंत जाड कर. माग बंद कर म्हणतच नाही मी.”

“आणि हे तू कुठं देणार? साहेबांना?”

“हरकतीबरोबर जोडणार.”

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. “वनू, कानाचे कागद दे की. पोरांचं काम होतंय ना त्यानं? यंत्रं मिळतील कानाला, वर्ग बदलंल. नकाशा कशाला जोडतीस? माझं नाव सरकारी कागदावर गेलं की उद्या कोण कोण दारात येतंय ते तुला माहिती न्हाई.”

त्याचं अगदीच चूक नव्हतं. मुलांचे गट बदलायला कानांचे आलेख पुरेसे होते. वनिता दोन दिवस त्याच विचारात राहिली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रभाकर हावळ शाळेत आला, टोपी हातात धरून.

“बाई, पोरीसाठी करताय, उपकार हायत. पण मालक म्हणालेत, खोल्या काढाव्या लागतील. आम्ही कुठं जायचं?”

“तुम्हाला काढायला मी सांगितलेलं नाही, प्रभाकरराव. हलवायला सांगितलंय.”

“ऐकताना एकच वाटतंय ते.”

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती आणि तिच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा, कस्तुरीचा भाऊ. वनिताने त्याच्या पाठीमागे जाऊन हलकेच ‘स्स्स’ केलं. मूल लगेच वळलं आणि हसलं. अजून सगळं शाबूत होतं.

“याचे कान अजून चांगले आहेत,” ती प्रभाकरला म्हणाली. “कस्तुरीचेही याच्याएवढी असताना असेच असणार. मी नकाशा जोडला नाही तर कस्तुरीला यंत्र मिळेल, आणि अकरा वर्षांनी याच्यासाठी मी पुन्हा सांगलीला बस करेन. तुम्हाला खोलीतून कुणी काढणार नाही, असंही मी त्याच कागदात लिहिते. खाली सही माझी.”

प्रभाकरने मुलाला स्वतःकडे घेतलं. “लिव्हा,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने दादाला फोन केला. “नकाशा जोडतेय. तुला आधी सांगावं म्हणून फोन केला.”

पलीकडून फोन बंद झाला.

*

बैठक शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. गटशिक्षणाधिकारी टोणपे मॅडम, पुण्याहून आलेला सोबतीचा इंजिनियर देवव्रत साने, सासणे सर आणि वनिता. टेबलाच्या टोकाला कस्तुरी आणि जुनेद.

“मुलं बोलणार आहेत?” टोणपे मॅडमनी विचारलं.

“शोध त्यांनी लावलाय,” वनिता म्हणाली. “बोलण्याआधी एक छोटी चाचणी आहे. दहाच प्रश्न. सोबतीच विचारेल. तुम्ही आणि साने सरांनी उत्तरं लिहायची.”

ही कल्पना जुनेदची होती. सोबतीच्या आवाजाची फीत घेऊन त्याने तिच्यातली अडीच हजारांच्या वरची कंपनं गाळून टाकली होती आणि मागे वर्गातली नेहमीची कुजबुज ठेवली होती. त्याने टॅबवर बोट ठेवलं. सोबतीचा तोच प्रेमळ आवाज आला, पण रजईतून बोलल्यासारखा. टोणपे मॅडम पुढे वाकल्या. तिसऱ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, “पुन्हा लाव.”

“पुन्हा न्हाई लावता येत, मॅडम,” जुनेद अदबीने म्हणाला. “सोबती एकदाच विचारतो.”

दहा प्रश्न संपले. कस्तुरीने कागद गोळा केले आणि तपासले.

“मॅडम, तुमचे चार बरोबर. सर, तुमचे पाच. तुम्ही सातव्या प्रश्नाला यांच्या कागदाकडं बघितलंत, ते पण सोबती लिवतो. लक्ष न्हाई म्हणून.” तिने टॅबवर आकडे भरले आणि तो त्यांच्यापुढे फिरवला. “तुमचे गती-अंक एकोणतीस आणि चौतीस. दोघंबी पायाभूत गट.”

सासणे सरांना खोकला आला. साने आधी हसला, मग त्याचं हसू विरलं. त्याने कस्तुरीचे रकाने जवळ ओढले आणि साठ-आठच्या जोड्यांवरून बोट फिरवत गेला.

“हे आम्हाला दिसायला हवं होतं,” तो म्हणाला. “चुकांच्या जोड्या सगळ्या आमच्याकडेच पडून आहेत. आम्ही फक्त बरोबर किती, एवढंच बघत राहिलो.”

“प्रश्न बोलताना टॅबवर लिहूनही दाखवता आला असता ना?” वनिताने विचारलं.

“एका दिवसाचं काम आहे. पण लिहून दाखवलं तर मुलं ऐकणारच नाहीत, असं आम्हाला वाटलं.” तो ओशाळला. “ज्या मुलांच्या नोंदींवर तो शिकला, त्यांत यंत्रमागाचं एकही गाव नव्हतं.”

टोणपे मॅडम मात्र नकाशाकडे बघत होत्या. “या सात टिकल्या... हे बिरनाळे म्हणजे तुमचे कोण?”

“सख्खा भाऊ.”

“आणि तरी तुम्ही हा जोडलात?”

“नकाशा त्याच्यावर नाही, मॅडम. अशा शेड गावात दीडशे आहेत. मला माहिती असलेल्यापासून सुरुवात केली, एवढंच. आणि शेवटचा परिच्छेद जरूर वाचा. एकही कुटुंब बाहेर काढायचं नाही, असं लिहिलंय.”

टोणपे मॅडमनी तो मोठ्याने वाचला. मग पेन काढलं. यादी थांबली, नुसत्या सातवी ‘ब’ची नाही, मागांच्या सगळ्या गावांतली. आधी कानांची तपासणी, मग गती-अंक. प्रश्न बोलून आणि लिहून, दोन्ही. ज्या तीन मुलांना गणित जड जात होतं, त्यांना वेगळ्या वर्गात न टाकता वनिता आणि सोबतीने मिळून जादा तास द्यायचे, हेही वनिताने लिहून घेतलं. शेडलगतच्या राहत्या खोल्यांचं काम नगरपालिकेकडे गेलं. मालकांना सहा महिन्यांची मुदत मिळाली.

*

जून उजाडला. पंधरा मुलांच्या कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं आली, सोळावं वनिताच्या. कस्तुरी आठवी ‘अ’मध्ये गेली आणि पहिल्याच आठवड्यात बीजगणिताच्या नव्या सरांना फळ्यावरची चूक दाखवून मोकळी झाली. गेलेलं ऐकू येणं कुणाचंच परत आलं नाही. यंत्राने आवाज मोठा होतो, मोडलेली पेशी जुळत नाही. हे मुलांना वनिताने स्वतः समजावून सांगितलं, आडपडदा न ठेवता.

बाहुबली पाच महिने तिच्याशी बोलला नाही. वहिनी बाजारात भेटली तर हळूच विचारपूस करायची. गोदाम रिकामं झाल्याचं वनिताच्या कानावर आलं, त्यापलीकडे काही नाही. मुदत संपायला महिना राहिला होता.

एका शनिवारी वनिता आठवी ‘अ’चा विदाशास्त्राचा तास घेत असताना तो वर्गाच्या दारात उभा राहिला. हातात गुंडाळलेला कागद, कपाळावर घाम. मुलं उठून उभी राहिली.

“गवंडी म्हणतो नऊ इंची भिंत बास,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “दुसरा म्हणतो दोन भिंती घाला, मधी पोकळी ठेवा. तिसरा म्हणतो काय पण घाला, आवाज येणारच. मला यातलं काय कळत न्हाई.” त्याने घसा खाकरला. “तुझ्या पोरांना कळतंय म्हणं.”

वनिताने पुढच्या बाकाकडे हात केला. बाहुबली त्या ठेंगण्या बाकावर कसाबसा मावला, गुडघे पोटाशी घेऊन.

कस्तुरी त्याच्यासमोर वही घेऊन बसली. त्यानेच बांधलेल्या खोलीत वाढलेली मुलगी. तिने त्याच्याकडे पाहिलं, पेन्सिलीचं टोक तपासलं आणि वहीत तारीख घातली.

“काका, भिंत सांगण्याआधी आवाज मोजाय लागंल. तिसऱ्या शेडमधी एका वेळी किती माग चालू असतात?”

“बारा,” बाहुबली म्हणाला.

कस्तुरीने लिहिलं नाही. पेन्सिल तशीच कागदावर टेकवून धरली.

“खरे किती, काका?”

बाहुबलीने बहिणीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग त्या मुलीच्या कोऱ्या वहीकडे.

“वीस,” तो म्हणाला. “दसऱ्याच्या आधी चोवीस.”

“चोवीस धरू या,” कस्तुरी म्हणाली, आणि लिहायला लागली.